भौगोलिक कारणे द्या

विद्यापीठीय विषयांची सामाजिक प्रतिष्ठा मोजण्याचे प्रमाणित एकक अद्याप निश्चित झालेले नसले, तरी महाराष्ट्रातील लग्नाच्या पंगतीत विचारला जाणारा दुसरा प्रश्न हे त्या कामी पुरेसे विश्वासार्ह साधन मानता येते. पहिला प्रश्न, म्हणजे "सध्या काय चाललंय?", हा सर्व विद्याशाखांना समान असतो, फरक पडतो तो उत्तरानंतर. विद्यार्थी संगणकशास्त्राचा असेल तर दुसरा प्रश्न पॅकेजचा असतो, वैद्यकाचा असेल तर विचारणाऱ्याच्या गुडघ्याचा, आणि वाणिज्याचा असेल तर प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेचा, मात्र "भूगोलात एम. ए. करतोय" असे उत्तर आले, की जिलेबीचा घास तोंडाशी क्षणभर थांबतो आणि "अरे वा, मग बुर्किना फासोची राजधानी सांग बरं" अशी फर्माईश होते. विचारणाऱ्याला हे उत्तर ठाऊक असते, कारण ते त्याने आदल्याच आठवड्यात दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत ऐकलेले असते. विद्यार्थ्याला ते बहुधा ठाऊक नसते, कारण गेली चार वर्षे तो भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीचे आकार कसे घडतात व कसे झिजतात याचे शास्त्र, हवामानशास्त्र, लोकसंख्या भूगोल आणि संख्याशास्त्रीय पद्धती यांत बुडालेला असतो, व त्यांपैकी कशातही वागाडुगू येत नाही. विद्यार्थी गप्प राहतो, पंगतीत समाधानाची एक लहर पसरते आणि तिसरा प्रश्न येतो: "मग बी.एड. करणार असशील?"

राजधान्या पाठ असणे म्हणजे भूगोल, या समजाचा उगम शाळेत आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भूगोलाच्या लेखी पेपराला ४० गुण असतात आणि तेवढेच इतिहास व राज्यशास्त्र यांना मिळून असतात. म्हणजे मानवजातीचा भूतकाळ, तिचे शासन आणि तिच्या पायाखालची जमीन हे सारे एकत्र केले, की ते गणिताच्या दोन भागांइतके भरते. या ४० गुणांतील सर्वांत विख्यात प्रश्नप्रकार ‘भौगोलिक कारणे द्या’ हा होय. त्यात निष्कर्ष परीक्षक देतो आणि कारणे विद्यार्थ्याने पुरवायची असतात. ही पद्धत न्यायालयांत रूढ झाली असती, तर खटले पुष्कळ लवकर निकाली निघाले असते. उत्तराचा साचाही पिढ्यान्‌पिढ्या स्थिर आहे: क्रमांक घातलेले तीन मुद्दे लिहावेत आणि चौथ्या मुद्द्याची सुरुवात ‘म्हणून’ या शब्दाने करून प्रश्नच पुन्हा उतरवून काढावा. हे तीन मुद्देही बव्हंशी ठरलेले असतात. अनुकूल हवामान, वाहतुकीच्या सोयी, स्वस्त मजूर आणि बाजारपेठेची जवळीक या चौकडीतील कोणतेही तीन घटक मुंबईच्या कापड गिरण्यांना, पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना आणि हिंदी चित्रपटव्यवसायाला सारख्याच सहजतेने लागू पडतात, आणि त्यांत फारसे खोटे काही नसल्यामुळे परीक्षकालाही लाल शाई वापरण्याचे कारण उरत नाही.

सध्याचे दहावीचे पाठ्यपुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करते. कल्पना उत्तम आहे. तिचा आनुषंगिक परिणाम एवढाच, की सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील विद्यार्थ्याला ब्राझीलचा अजस्र कडा, म्हणजे पठाराची समुद्राकडील उंच व उभी कड, समुद्रावरून येणारे वारे कशी अडवते आणि तिच्या पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआड पाऊस न पोहोचणारा पट्टा, कशी तयार होते हे मुखोद्गत असते. परंतु त्याच्या स्वतःच्या तालुक्यात टँकर का येतो, या प्रश्नाचे उत्तर शब्दशः तेच असून केवळ कड्याचे नाव सह्याद्री आहे, अशी शंका त्याला सहसा येत नाही, कारण तो प्रश्न परीक्षेत ब्राझीलच्या नावावर येतो आणि टँकर घराच्या दारात.

महाविद्यालयात भूगोलाकडे वळणाऱ्यांचे वर्गीकरण हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरेल. काहीजण तो गुण मिळवून देणारा विषय आहे असे ऐकून येतात, काहीजण स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून, आणि बरेचसे केवळ अन्य विषयांच्या तासांशी त्याचे तास आदळत नाहीत एवढ्या भक्कम पायावर. या गर्दीत एखाददुसरा मात्र असा असतो, की ज्याने लहानपणी जेवताना ताटाशेजारी नकाशासंग्रह उघडा ठेवला होता आणि रेल्वेचे वेळापत्रक कथा-कादंबरीसारखे वाचले होते. तो पुढे विभागाचा आधार तरी होतो किंवा विभागाची डोकेदुखी तरी. विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांत शिकवला जात असल्याने त्याला दुहेरी नागरिकत्व लाभले आहे, आणि दुहेरी नागरिकत्वाच्या रिवाजानुसार दोन्ही ठिकाणी तो दुसरीकडचा समजला जातो. कलाशाखेतील सहकाऱ्यांना भूगोलाच्या प्रयोगशाळेतील उपकरणे पाहून तो विज्ञान वाटतो, तर विज्ञानशाखेतील सहकाऱ्यांना त्या उपकरणांचे वय पाहून तो इतिहास वाटतो. विभागाच्या खोलीत भिंतीवरच्या जगाच्या नकाशात सोव्हिएत संघ अद्याप अभंग असतो, आणि टेबलावरच्या पृथ्वीगोलाचा अक्ष शास्त्राने सांगितलेल्या साडेतेवीस अंशांऐवजी, स्क्रू सैल होत गेल्यामुळे, दर शैक्षणिक वर्षी थोडा अधिक कलतो.

हा विषय विद्यापीठात शिकवावा की नाही, याबद्दल थोरामोठ्यांतही एकवाक्यता नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने कोनिग्सबर्ग येथे सुमारे ४० वर्षे प्राकृतिक भूगोलावर व्याख्याने दिली आणि त्या काळात, किंबहुना सबंध आयुष्यात, तो पूर्व प्रशियाच्या बाहेर पडला नाही. क्षेत्रभेटीचा खर्च मंजूर न करणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला हा पूर्वदाखला उपयोगी पडावा. याउलट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ मध्ये आपला भूगोल विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि २००६ मध्ये त्याच विद्यापीठाला भौगोलिक विश्लेषणाचे एक केंद्र नव्याने उघडावे लागले. मधल्या ५८ वर्षांत पृथ्वी नाहीशी झाली नव्हती, असे यावरून अनुमान निघते.

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याची गाठ सिद्धान्तांशी पडते, आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या नजरेस येते. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये शेतीचा एक सिद्धान्त मांडला, त्यानुसार शहराभोवती भाजीपाला व दुधाचे, मग सरपणाच्या जंगलाचे, मग धान्याचे आणि शेवटी गुरांच्या चराईचे असे गोलाकार पट्टे तयार होतात. मात्र त्यासाठी जमीन सर्वत्र सारखी सुपीक व सपाट असावी, शहर एकच असावे, नदी नसावी, डोंगर नसावा आणि प्रत्येक शेतकऱ्याने केवळ नफ्याचा विचार करावा, अशा अटी आहेत. वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये मांडलेल्या मध्यवर्ती स्थान सिद्धान्तात, म्हणजे बाजाराची गावे परस्परांपासून किती अंतरावर वसतात हे सांगणाऱ्या सिद्धान्तात, वर्तुळांच्या जागी षटकोन येतात, अटी मात्र जवळपास त्याच राहतात. थोडक्यात, मानवी भूगोलाचे हे दोन गाजलेले सिद्धान्त लागू होण्यासाठी त्या प्रदेशातून भूगोल आधी काढून टाकावा लागतो. विद्यार्थी कंपासपेटीतील साहित्याने सुबक षटकोन काढतो, त्यांत तीन रंग भरतो, दहापैकी आठ गुण मिळवतो आणि गावी परतताना एसटीच्या खिडकीतून, आठवडी बाजाराची गावे घाट, ओढा आणि आमदाराचे घर या तिघांच्या सोयीने वसलेली पाहतो.

सिद्धान्तांच्या मानाने प्रात्यक्षिके पुष्कळच प्रामाणिक असतात. त्यांचा कणा म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला विभागातील शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सर्वजण टोपोशीट म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने काढलेल्या या नकाशात जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. पाणी निळे, झाडी हिरवी, शेती पिवळी आणि वस्ती लाल असते. प्रत्येक नकाशाला क्रमांक असतो, आणि पुणे शहराचा बराचसा भाग ज्यात येतो त्या ४७ एफ/१४ या नकाशाचा क्रमांक कित्येक विद्यार्थी स्वतःच्या परीक्षा क्रमांकापेक्षा अधिक काळ लक्षात ठेवतात. तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, दूरदूर गेल्या की मंद, आणि एकमेकींना छेदू लागल्या की विद्यार्थ्याने ट्रेसिंग शेजाऱ्याच्या वहीवरून घाईघाईने केले आहे, एवढे वाचता आले की नकाशावाचनाचा पहिला टप्पा पूर्ण होतो.

या नकाशांचा एक काळ मोठ्या गोपनीयतेचा होता. किनारपट्टी आणि सीमाभागांचे नकाशे प्रतिबंधित होते, त्यामुळे कोकणातील विद्यार्थ्याला आपल्याच खाडीचा नकाशा अभ्यासायचा तर अर्ज, शिफारस आणि हमीपत्र अशा तीन खाड्या ओलांडाव्या लागत. २००५ मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरण आले आणि संरक्षण खात्यासाठी एक व जनतेसाठी दुसरी अशा नकाशांच्या दोन मालिका झाल्या. त्याच वर्षी गूगल अर्थ हे सॉफ्टवेअरही आले, आणि ज्या खाडीच्या नकाशासाठी प्राचार्यांच्या सहीचे पत्र लागत असे, ती खाडी तीवरच्या होड्यांसह कोणत्याही सायबर कॅफेत वीस रुपये तास या दराने दिसू लागली. शासनाने २०२१ च्या फेब्रुवारीत भूस्थानिक माहितीवरील बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या, तोवर जुन्या हमीपत्रांना कपाटात कसर लागली होती.

क्षेत्रभेट हा अभ्यासक्रमातील सर्वांत आवडता भाग होय. तिचे दोन प्रकार आहेत. प्राकृतिक भूगोलाच्या भेटीत निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे, म्हणजे वाहत्या पाण्यात दगडगोटे गरगर फिरून कातळात पडलेले खोल खळगे, पाहिले जातात. प्राध्यापक घर्षणक्रिया समजावून देतात आणि विद्यार्थी खळग्यांच्या काठावर उभे राहून परस्परांची छायाचित्रे काढतात, ज्यांत खळगा प्रमाणदर्शक वस्तू म्हणून येतो. दुसरा प्रकार गावाच्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाचा. त्यात प्रश्नावलीच्या झेरॉक्स प्रती घेऊन विद्यार्थी जोडीजोडीने घरोघर फिरतात, आणि वार्षिक उत्पन्न विचारताच ते निम्म्यावर येते, तर शेळ्यांची संख्या, आलेली मंडळी काही द्यायला आली आहेत की काही न्यायला, या अंदाजानुसार वर किंवा खाली सरकते. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली एखादी आजी मात्र सर्व माहिती अचूक देते, पोरांना पाणी देते, आणि शेवटी विचारते, "मागल्या वर्षीबी तुमच्यातलीच पोरं आली व्हती, आजून काय आलं न्हाय. ह्याचं पैसं कधी येनार?" नमुना सर्वेक्षणाच्या मर्यादांवरील कोणत्याही ग्रंथात ही अडचण इतक्या नेमकेपणाने मांडलेली नाही.

पदवी हाती आल्यावर हा विद्यार्थी स्वतःच्या भवितव्याचे सर्वेक्षण करतो, आणि त्याला आढळते, की जमिनीशी, पाण्याशी व पावसाशी संबंधित जवळपास प्रत्येक खात्याला भूगोलाची गरज आहे. भूगोलाच्या पदवीची मात्र नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या, म्हणजे शेताची मोजणी करून हद्द दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, जागा निघतात तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचे सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितले जाते. तीन वर्षे प्लेन टेबल, प्रिझमॅटिक होकायंत्र आणि डंपी लेव्हल खांद्यावर वाहून मैदान मोजलेला भूगोलाचा पदवीधर जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा व ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे ज्ञान स्वतःजवळच ठेवतो. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायक व्हायचे तर भौतिकशास्त्र किंवा संगणक लागतो, मग उमेदवाराने मान्सूनचे सारे सिद्धान्त, तिबेटचे तापलेले पठार आणि एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय पट्टा नेहमीपेक्षा तापण्याची घटना, हे कितीही घोटलेले असो. भूजलाच्या सर्वेक्षणात भूशास्त्रज्ञ हवा असतो, नगररचनेत वास्तुविशारद आणि पाणीपुरवठ्यात अभियंता. भूगोलाचे हे स्थान कढीपत्त्याचे आहे: फोडणीत तो हवाच, ताटात आला की मात्र बाजूला काढून ठेवला जातो.

हा प्रकार आजचा नाही. साऱ्या भारताचे टपालाच्या सोयीसाठी विभाग पाडून प्रत्येक पत्त्याला सहा अंकी क्रमांक देणारी पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. देशाच्या प्रादेशिक विभागणीचे एवढे सर्वत्र व रोज वापरले जाणारे दुसरे काम क्वचितच असेल, आणि ते केले श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे पंडित व संस्कृत नाटककार होते. भूगोल विभागांत या नावाचा उल्लेख अभिमानाने व्हावा की खेदाने, हे अजून ठरलेले नाही.

ज्यांनी खरोखर देश पायाखाली घालून मोजला, त्यांच्या वाट्यालाही फार काही आले असे दिसत नाही. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, म्हणजे एक बाजू व दोन कोन मोजून उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या आणि अशा त्रिकोणांची साखळी देशभर नेत जायची. त्यासाठी सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवले जाई. तंजावरला तर ते दोर तुटून गोपुरावर आपटले व दुरुस्तीस घ्यावे लागले. दोन दशके हे काम करून लॅम्बटन १८२३ मध्ये, नागपूरकडे जात असताना, हिंगणघाट येथे मरण पावला. त्याच्यानंतर ते काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. त्या शिखराच्या उंचीचे गणित मांडणारे राधानाथ सिकदार स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका वस्तुनिष्ठ प्रश्नापुरते उरले. आणि लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे, जेथे तालुक्याबाहेरून येणारी माणसे कापसाच्या भावासाठी येतात.

वरील वाटा बंद झाल्यावर पदवीधरांचा मोठा लोंढा स्पर्धा परीक्षांकडे वळतो. अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन याने १८८५ मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत बहुतेक स्थलांतरित जवळचेच अंतर कापतात आणि टप्प्याटप्प्याने मोठ्या शहराकडे सरकतात असे म्हटले आहे, व त्याची पडताळणी पाहायची असेल त्याने पुण्याच्या सदाशिव पेठेत जावे. गाव, तालुका, जिल्हा आणि मग पेठेतील अभ्यासिका, म्हणजे वाचण्यासाठी महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक खुर्ची व तिच्यापुढचा दोन फुटांचा फळकुटाचा आडोसा, हे टप्पे जवळपास चुकत नाहीत. तेथे भूगोलाच्या पदवीधराला आणखी एक धक्का बसतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल हा लोकप्रिय वैकल्पिक विषय आहे, परंतु तो घेऊन बसलेल्यांत अभियंते आणि डॉक्टर भरपूर असतात. ते दहा महिन्यांत पृथ्वी संपवतात, नकाशात पन्नास ठिकाणे बिनचूक दाखवतात आणि जिल्हाधिकारी होऊन पूररेषा ठरवतात. पाच वर्षे भूगोल शिकलेल्याला उत्तर दोनशे शब्दांत आटोपत नाही, कारण त्याला अपवादही ठाऊक असतात, आणि अपवादांना गुण नसतात.

उरलेले अध्यापनाकडे जातात, आणि लग्नाच्या पंगतीतील जाणकारांचे भाकीत खरे ठरते. शाळेसाठी बी.एड., पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि नंतर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा. महाविद्यालयासाठी नेट किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा, आणि नंतर तासिका तत्त्व. तासिका तत्त्व म्हणजे प्राध्यापकाला महिन्याच्या पगाराऐवजी शिकवलेल्या तासांवर मानधन देण्याची व्यवस्था. तीत सुट्टी, आजारपण आणि उन्हाळा हे तीनही निसर्गतः विनावेतन असतात. असा प्राध्यापक सकाळी एका गावी मृदा शिकवतो, दुपारी दुसऱ्या गावी लोकसंख्या, आणि मधल्या वेळात फाट्यावर उभा राहून वाहतूक भूगोलाचे असे प्रत्यक्ष संशोधन करतो, की कोणती एसटी कोणत्या थांब्यावर नियमितपणे थांबत नाही याबद्दल त्याचा शब्द त्या पंचक्रोशीत अखेरचा मानावा. त्याला सगळीकडे ‘सर’ म्हणतात. मानधन बहुधा पुढच्या पावसाळ्यात येते, आणि मान्सूनप्रमाणेच त्याच्या आगमनाची तारीख दरवर्षी जाहीर होऊन दरवर्षी पुढे सरकते.

खरी नोकरी गेल्या दोन-तीन दशकांत अनपेक्षित दारातून आली, आणि ती पदव्युत्तर वर्गातील ट्रेसिंग पेपरच्या वारसाहक्काने आली हे विशेष. भौगोलिक माहिती प्रणाली, जिला सारे जीआयएस म्हणतात, ती म्हणजे नकाशा आणि त्यामागची माहितीची तक्ता-वही यांची संगणकातील बांधणी: रस्त्यांचा एक थर, नद्यांचा दुसरा, घरांचा तिसरा, आणि हे थर एकावर एक ठेवून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. पुण्यातील किंवा हैदराबादमधील एखाद्या कार्यालयात भूगोलाचा पदवीधर उपग्रहाचे चित्र समोर ठेवून एखाद्या अमेरिकन उपनगरातील छपरे, गाड्यांच्या वाटा आणि परसातील पोहण्याचे तलाव माऊसने गिरवीत बसतो. छपराचा कोपरा काटकोनातच यावा लागतो, पॉलिगॉन बंद व्हावा लागतो, आणि रेषेचे एक टोक कोठेही न जोडता लोंबकळत राहिले, ज्याला तेथे डँगल म्हणतात, तर क्यूसीवाला, म्हणजे गुणवत्ता तपासणारा, काम परत पाठवतो. नवशिक्याची ओळख दोन चुकांवरून पटते. पहिली म्हणजे शेपफाइल पाठवताना तो तिच्या किमान तीन फाइलींपैकी एकच पाठवतो आणि पलीकडे काहीच उघडत नाही. दुसरी म्हणजे जुना टोपोशीट उपग्रहाच्या चित्रावर ठेवताच गाव काही शे फूट सरकून नदीत उतरते, कारण जुना नकाशा १८३० सालच्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा गृहीत धरलेल्या आकारावर, बेतलेला असतो आणि उपग्रह वेगळा आकार धरून चालतो. आयुष्यात विमानतळ न पाहिलेला हा तरुण ओहायो राज्यातील एका गावाच्या गल्ल्या अंधारात चालू शकेल इतक्या ओळखतो, आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीचा पत्ता जेवणाचा डबा आणणाऱ्याला समजावताना "चौकातल्या वडापावच्या गाडीवरून डावीकडे" असे सांगतो.

क्रिस्टालरचे षटकोनही याच दाराने परत आले. उबर या टॅक्सी कंपनीने २०१८ मध्ये सर्वांना खुली केलेली एच-३ नावाची पद्धती सारी पृथ्वी लहानमोठ्या षटकोनांत विभागते आणि कोणत्या षटकोनात गाड्यांची मागणी किती हे पाहते. गोल पृष्ठभाग केवळ षटकोनांनी झाकता येत नाही, त्यामुळे कोणत्याही पातळीवर बारा पंचकोन घुसवावेच लागतात, आणि योजकांनी ते बाराही समुद्रात ठेवले आहेत, जेथे टॅक्सी कोणी मागवत नाही. सपाट मैदानाची अट इतक्या व्यवहारी रीतीने कोणत्याही भूगोलतज्ज्ञाने सोडवली नव्हती; हेही काम सॉफ्टवेअर अभियंत्यांचे होते, हे वेगळे सांगायला नको.

गावांतही नकाशाचे काम वाढले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील, म्हणजे गावाच्या वस्तीच्या हद्दीतील, घरांची मोजणी ड्रोनने करून मिळकत पत्रिका दिली जाते. ड्रोन येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेची हद्द चुन्याने आखायची असते, आणि उपकरणाची अचूकता काही सेंटिमीटरची असली तरी चुन्याची अचूकता ही शेजाऱ्याशी असलेल्या संबंधांवर अवलंबून राहते. पाणलोट विकासाची कामे करणाऱ्या संस्थांतही भूगोलाच्या मुलांना जागा मिळते, आणि ही नोकरी पगाराने लहान असली तरी विषयाला सर्वांत जवळची म्हणावी लागेल. कारण तेथे डोंगरउतारावर लाकडी ए-फ्रेम धरून समान उंचीच्या बिंदूंवर खुणा केल्या जातात, त्या खुणा फक्कीने जोडल्या जातात आणि त्या रेषेवर गावकरी कुदळीने चर खणतात. वहीत तीन वर्षे तपकिरी पेन्सिलीने काढलेली समोच्च रेषा पहिल्या पावसानंतर पाण्याने भरलेली प्रथमच दिसते, आणि ती कोठेही दुसरीला छेदत नाही.

विभागाच्या सूचनाफलकावर मात्र या मंडळींची नावे नसतात. तेथे भूगोल शिकलेल्या यशस्वी व्यक्ती म्हणून बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन, ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे आणि त्याच देशाचे युवराज विल्यम यांची छायाचित्रे लावलेली असतात. तिघांच्याही पदव्या खऱ्या आहेत. विल्यम यांनी तर कलेचा इतिहास हा विषय सोडून भूगोल घेतला होता. परंतु त्यांच्या पुढील नेमणुकीत या बदलाचा वाटा किती आणि जन्मस्थानाचा किती, हे कोणतेही भौगोलिक कारण नीट स्पष्ट करू शकत नाही.

या विषयाच्या व्याख्येबद्दल अध्यापकांत दीर्घकाळ वाद आहे. रिचर्ड हार्टशोर्न या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९३९ च्या आपल्या ग्रंथात भूगोलाला स्वतःचे असे वेगळे साहित्य नसून तो इतर शास्त्रांनी अभ्यासलेल्या गोष्टी एका जागी आणून त्यांचा मेळ पाहतो, अशा आशयाची भूमिका घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतील एखादा तरी प्राध्यापक पहिल्या तासाला ती खोडून काढतो. राज्य मंडळाने या वादात २०२० मध्ये नकळत निर्णय दिला. त्या वर्षी २३ मार्चला ठरलेला दहावीचा भूगोलाचा पेपर करोनाच्या साथीमुळे आधी पुढे ढकलला गेला व नंतर रद्द झाला, आणि विद्यार्थ्यांना भूगोलाचे गुण इतर विषयांच्या गुणांची सरासरी काढून देण्यात आले. सबंध राज्यातून यावर सैद्धान्तिक स्वरूपाची एकही हरकत आली नाही. त्या तुकडीतील ज्यांनी वेळेत बारावी करून तीन वर्षांच्या पदवीसाठी भूगोलच घेतला, ते २०२५ मध्ये पदवीधर झाले. भौगोलिक कारणे न देताच शाळेतून बाहेर पडलेले हे पहिले भूगोलाचे पदवीधर होत, आणि त्यांपैकी जे सध्या बी.एड.ला आहेत, ते सराव पाठांत नववीच्या मुलांना क्रमांक घालून तीन मुद्दे व चौथ्याला ‘म्हणून’ कसे लिहावे, हे फळ्यावर लिहून दाखवतात.